सतरा नंबरचे दुष्परिणाम

४ फेब्रुवारी

महोदय,

ज्ञानकोशाच्या कार्यालयाकडून आपला 'संयुग क्रमांक १७' हा प्रतिजैविकावरचा लेख माझ्याकडे फेरवाचनासाठी आला आहे. कोशाचा रिवाज आपल्याला ठाऊक असेल. फेरवाचकाने अभिप्राय थेट लेखकाला पत्राने कळवायचा, लेखकाने मुद्द्यागणिक उत्तर द्यायचं, आणि फेरवाचकाने 'हरकत नाही' असं लिहून खाली सही केल्याशिवाय लेख छापायला जायचा नाही. फेरवाचक कोण आहे हे मात्र आपल्याला पाकिटावरच्या अक्षरावरून आत्ताच कळलं असेल, आणि आपण खुर्चीतून ताडकन उठला असाल.

बस खाली, गुंड्या.

संपादकबाईंना आपलं नातं माहीत नाही. माझं आडनाव लग्नात बदललं, आणि आपल्या दोघांच्या चेहऱ्यांत काही साम्य आहे असं कुणी उगीचसुद्धा म्हणणार नाही. त्यांच्या लेखी मी इस्पितळाच्या जंतुशास्त्र विभागाची प्रमुख आणि तू औषधशास्त्राचा प्राध्यापक, एवढंच. लेख तसाच परत पाठवावा असं मनात आलं होतं. आई गेली त्या दिवशी जिन्यात तू म्हणालास, 'तिच्या एका वाक्याने बाबांचं आयुष्य मातीत गेलं.' त्यानंतर मी तुझं तोंड पाहिलेलं नाही आणि पाहायची हौसही नाही. पण लेख बाबांच्या औषधावर आहे म्हटल्यावर तो दुसऱ्या कुणाच्या हाती देववेना.

नियमाप्रमाणे आधी चांगलं सांगते. औषध काम कसं करतं हा भाग तू फार छान लिहिला आहेस. जंतूभोवतीची भिंत रचली जात असताना हे संयुग मधेच घुसून विटा बसूच देत नाही आणि अर्धवट भिंतीचा जंतू फुटून मरतो, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. मातीच्या नमुन्यापासून शुद्ध भुकटीपर्यंतचं कामही नीट आलं आहे. तुझे विद्यार्थी नशीबवान आहेत.

आता खटकलेलं. मात्रेच्या तक्त्यात एका ओळीत मिलिग्रॅम आहेत आणि पुढच्या ओळीत ग्रॅम. त्याप्रमाणे कुणी सुई टोचली तर जंतूबरोबर रोगीही जाईल. संशोधकाचं चरित्र औषधाच्या माहितीच्या दुप्पट झालं आहे, ते छाट. विशेषणं उडव. 'अथक' चालेल, बाबा खरंच अथक होते. 'अत्यंत शांत स्वभावाचे' हे वाचताना माझ्या हातातला चहा सांडला, म्हणून चौथं पान डागाळलेलं आहे, राग नसावा.

आणि 'दुष्परिणाम'. तू लिहितोस, 'प्रारंभिक चाचण्यांत एका बालरुग्णास बहिरेपणा आल्याने संयुगाचा वापर कायमचा थांबवण्यात आला.' मला आजवर घरात आणि बाहेर पुष्कळ नावं ठेवली गेली, पण 'बालरुग्ण' हे पहिल्यांदाच. ते असो. बाबांच्या छापील अहवालात हेच वाक्य 'डाव्या कानास बहिरेपणा' असं आहे. 'डावा' तू गाळलास. अरे, तू औषधशास्त्र शिकवतोस ना? सुईतून दिलेलं औषध रक्तात जातं, आणि रक्त दोन्ही कानांना सारखंच जातं. मग कान एकच कसा गेला?

एवढ्या प्रश्नाचं उत्तर दे. तोवर सही नाही.

— ताई


१९ फेब्रुवारी

गुंड्या,

तुझं टाइप केलेलं उत्तर मिळालं. मिलिग्रॅम दुरुस्त केलेस, चरित्र अर्ध्यावर आणलंस, शाबास. 'शांत' मात्र तसाच ठेवलास. आणि कानाच्या मुद्द्यापुढे लिहिलंस, 'क्वचित एकाच कानावरही परिणाम होऊ शकतो. जुन्या गोष्टी उकरण्यात अर्थ नाही.'

वाचून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणे क्वचित! हेच एखाद्या पोराने परीक्षेत लिहिलं असतं तर तू त्याला लाल शाईने झोडपलं असतंस.

म्हणजे आता मलाच लिहायला हवं. ठीक आहे. कोशाच्या भाषेत लिहिते, विशेषणं न लावता.

रुग्ण मुलगी, वय दहा. उजव्या पायाच्या हाडात पू झालेला. इस्पितळाने पाय गुडघ्याच्या वरून कापायचं ठरवलं होतं. मुलीचे वडील औषधाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ. त्यांनी इस्पितळाची परवानगी काढून, चाचणी म्हणून, आपलंच सतरा नंबर तिला टोचायला लावलं. ताप उतरला, पू आटला, पाय राहिला. आज त्याच पायाने मी विभागाचा जिना दिवसातून कितीदा तरी चढते. हे तुझ्या लेखात कुठेच नाही. कान गेल्याच्या बोभाट्यात पाय वाचल्याचं सगळेच विसरले.

शेवटच्या सुया चालू असताना मुलगी घरी आली. कारखान्यातलं उबदार कपाट बिघडलं होतं, म्हणून वडील जंतू वाढवलेल्या काचेच्या ताटल्या स्वयंपाकघरातल्या शेगडीशेजारच्या कपाटात ठेवत. ताटलीचं झाकण उघडायचं नाही हा घरातला पहिला नियम होता. उघडलं की हवेतली बुरशी आत पडते आणि सगळी मेहनत फुकट जाते. एका ताटलीत हिरवी बुरशी आली. जंतू ज्यावर वाढतात त्या जेलीवर बोटाचा ठसा होता. वडिलांनी विचारलं, 'झाकण कुणी उघडलं?' मुलगी म्हणाली, 'मी.'

टेस्ट ट्यूब उभ्या ठेवायचा लाकडी रॅक त्यांच्या हातात होता, नळ्यांसकट. पहिला तडाखा खांद्यावर बसला. दुसरा डाव्या कानावर. नळ्या फुटल्या. मुलगी ओट्याच्या दगडी कडेवर आपटून खाली आली. तिच्या कानातून आधी रक्त आलं आणि मग पाण्यासारखं पातळ काहीतरी, ते गळ्यापर्यंत ओघळलं. आई धावत आली तर तिला त्यांनी ढकललं, ती दोन्ही तळव्यांवर काचांत पडली. मग त्यांनी रॅक ओट्यावर ठेवला, हात धुतले आणि उरलेल्या ताटल्या एकेक करून उजेडात धरून तपासल्या. आवाज एकदाही चढला नाही. म्हणून तुझं 'शांत' मी पुन्हा वाचलं. ते चुकीचं नाही रे. त्याचीच मला अजून भीती वाटते.

संपादकबाईंना मी फोन करून विचारलं की लेखात अशी दुरुस्ती घालायची तर काय लागेल. त्या म्हणाल्या, 'बाई, तुम्हीच दुरुस्ती सुचवणार आणि तुम्हीच तिच्या साक्षीदार, हे नाही चालायचं. उद्या जो तो कोशात आपली भडास ओकेल. डोळ्यांनी पाहिलेलं दुसरं माणूस आणा, नावानिशी.' त्यांचं बरोबर आहे.

बाबा गेले, आई गेली. टेबलाखाली एक पाच वर्षांचा मुलगा होता. टेबलाच्या पायाला मिठी मारून बसला होता आणि त्याची चड्डी ओली झाली होती. त्याचंच नाव आता या लेखाखाली छापून येणार आहे.

उकरण्यात अर्थ काय, असं विचारलंस ना? सांगते. माझ्या टेबलावर रोज जखमांतले जंतू येतात. मी त्यांच्या प्लेटवर औषधांच्या चकत्या मांडते. पूर्वी चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसायचं, म्हणजे तिथले जंतू मेले. आता जंतू चकतीला खेटून उभे असतात. गेल्या महिन्यात एका ड्रायव्हरचा पाय कापला. हाडात पू, माझ्यासारखाच. त्याला लागू पडेल असं एकही औषध मी सांगू शकले नाही. त्याची बायको मला बाहेरच्या बाकावर विचारत होती, 'म्हणजे काहीच नाही का हो?' मी म्हणाले, 'नाही.' आणि मी दोन पायांवर उभी होते.

टाकून दिलेली जुनी औषधं पुन्हा तपासणारे तरुण डॉक्टर आता निघाले आहेत. ते आधी कोश उघडतील. सतरा नंबरखाली 'बहिरेपणा' वाचतील आणि पान उलटतील. तुझी साक्ष मिळाली तर उलटणार नाहीत. ती देणारा या जगात तू एकटा उरला आहेस.

— ताई


११ मार्च

गुंड्या,

बोटं कशी आहेत? क्ष-किरण विभागातल्या माणसाने मला फोटो दाखवला. दोन मोडली आहेत, तिसरं नुसतं चिरलं आहे. उजवा हात, म्हणजे लिहायची पंचाईत झाली असेल.

लेखकाने उत्तर पत्राने द्यायचं असतं, हे विसरून तू स्वतःच आलास. 'बाहेरच्यांना मज्जाव' ही पाटी वाचायला तुला कुठला वेळ. दार लाथेने उघडलंस. माझी मदतनीस पोरगी हातातली बाटली टाकून कोपऱ्यात गेली. तू ओरडलास, 'आईने त्यांना एकदा मारलं. तू मेलेल्या माणसाला पुन्हा मारतेस? लाज नाही वाटत?' मी म्हणाले, 'मुद्दा चार. कान एकच कसा गेला?' हे मी मुद्दाम म्हणाले. तुला डिवचायचंच होतं.

मग तू हाताने माझ्या टेबलावरची प्लेटची थप्पी झाडून खाली पाडलीस. त्या प्लेट म्हणजे वॉर्डातली माणसं होती रे. सगळ्यांच्या जखमा पुन्हा उघडून नमुने घ्यावे लागले. एक बाळंतीण तापाने फणफणली होती, तिला नेमकं औषध मिळायला उशीर झाला. वाचली ती, पण ते तुझ्यामुळे नाही.

आणि तू डावीकडून आलास. डावीकडून कुणी आलं तर मला कळत नाही, हे माझ्या विभागातसुद्धा कुणाला माहीत नाही. तुला माहीत होतं. तू माझे केस मुठीत धरलेस आणि माझं कपाळ फ्रिजच्या दारावर आपटलंस. एकदा, मग पुन्हा. भुवईवर टाके पडले आहेत. रक्त एका डोळ्यात उतरलं, त्याने दिसेना, म्हणून मी हाताने टेबल चाचपलं.

आमच्याकडचे रॅक आता स्टीलचे असतात. तुझा दुसरा हात टेबलाच्या कडेवर होता. तो मला दिसला.

पहिल्याच तडाख्याला तू माझे केस सोडलेस. दुसरा मारायची गरज नव्हती. तरी मारला. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. हाड मोडल्याचा आवाज मी उजव्या कानाने नीट ऐकला आणि मला आत गार वाटलं. मी ओरडलेही नाही. तुला बाहेर नेल्यावर मी रॅक जागेवर ठेवला, नळाखाली हात धुतले आणि कुठल्या प्लेट शाबूत आहेत ते बघायला उजेडात धरल्या. तिसरी प्लेट धरली तेव्हा लक्षात आलं मी काय करते आहे. मग मात्र मी ती खाली ठेवली. मदतनीस पोरीने स्टूल दिलं. ती माझ्या जवळ यायला घाबरत होती, हाताच्या अंतरावरून तिने ते सरकवलं. ते मला फार लागलं.

म्हणजे ते माझ्यातही आहे. तुझ्यात किती आहे ते मी पाहिलं.

परवा तुझ्या बायकोचा फोन आला. तुमच्या लग्नानंतर ती माझ्याशी कितीसं बोलली असेल? म्हणाली, 'ताई, ह्यांची बोटं तुम्हीच मोडलीत ना?' मी 'हो' म्हणाले. माफी मागणार होते. त्याआधीच ती म्हणाली, 'उजव्याच हाताची ना? बरं झालं.' मी विचारलं, 'बरं कसं गं?' तर फोन ठेवून दिला.

तिचं ते 'बरं झालं' माझ्या डोक्यातून जात नाही. तुला अर्थ माहीत असेल.

मुद्दा चारचं उत्तर अजून आलेलं नाही.

— ताई


२२ मार्च

गुंड्या,

तुझ्या चार ओळी पोचल्या. डाव्या हाताने एकेक अक्षर टाइप केलेलं दिसतंय. 'मला काहीही आठवत नाही. आठवत असतं तरी लिहिलं नसतं. बाबांचं नाव जाण्यापेक्षा लेख मागे घेतो.'

पहिलं आणि दुसरं वाक्य शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाच, आणि मग मला आठवत नाही म्हणून सांग.

आईच्या ज्या वाक्यावर तू जिन्यात थुंकलास, ते वाक्य ती बोलली तेव्हा मी तिथे होते. तू शेजाऱ्यांकडे होतास. आज तुला ते सगळं सांगते.

कानाच्या डॉक्टरांची खोली. मी खुर्चीत, आई माझ्या उजवीकडे, तिच्या दोन्ही तळव्यांना पट्ट्या. बाबा दाराशी उभे. डॉक्टरांनी माझ्या डाव्या कानाशी चमचा वाजवला, मला काही कळलं नाही. त्यांनी विचारलं, 'कधीपासून ऐकू येत नाही?' खोलीत कुणी बोलेना. मी आईकडे पाहिलं. तिने पट्ट्यांकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि सावकाश म्हणाली, 'ह्यांच्या सुया सुरू केल्यापासून.'

बाबांचं तोंड उघडलं. मी ते उघडलेलं पाहिलं. एवढंच म्हणायचं होतं, 'सुयांमुळे नाही, मी मारलं.' चार शब्द. त्यांचं सगळं आयुष्य त्या चार शब्दांवर होतं. मातीचे नमुने गोळा करत केलेली पायपीट, जागून काढलेल्या रात्री, सगळं. आणि औषध लागू पडतं याचा पुरावा त्यांच्यासमोर खुर्चीत दोन्ही पाय हलवत बसला होता. डॉक्टर त्यांच्याकडे बघत होते. बाबांनी तोंड मिटलं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने अहवालात लिहिलं, 'डाव्या कानास बहिरेपणा'. पोराला मारणारा बाप म्हणवून घ्यायचं नव्हतं त्यांना, म्हणून त्यांनी स्वतःच्या औषधाला विष म्हणवून घेतलं. 'डावा' का लिहिलं ते मला आजही कळत नाही. कदाचित कुणीतरी विचारावं असं वाटत असेल. कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी आईचं मनगट दाराच्या फटीत धरून दार ओढलं. ते कधी नीट बसलंच नाही. आई तवा दोन हातांनी उचलायची ते त्यामुळे. तू विचारायचास आणि ती म्हणायची, 'सवय आहे बाळा.'

पुढे मोठी झाल्यावर मी तिच्याशी भांडले. म्हणाले, 'माझा पाय वाचवणारं औषध तू मारलंस. का?' ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, 'मी त्याला उलट मारू शकत नव्हते. त्याला जे प्राणापेक्षा प्यारं होतं तेवढंच माझ्या तोंडाच्या टप्प्यात होतं.' मग घडी मोडून पुन्हा घातली आणि म्हणाली, 'तो खरं बोलला असता तर मी त्याला माफ केलं असतं. मी थांबले होते.'

या घरात सगळे कुणीतरी खरं बोलेल म्हणून थांबले होते, गुंड्या. आता बाबांच्या जागी तू उभा आहेस. दाराशी. औषध बुडालं तरी चालेल पण तोंड उघडायचं नाही, हा बाबांचाच निर्णय तू पुन्हा घेतो आहेस. त्या ड्रायव्हरला लाकडी पाय बसवणार आहेत. त्याच्यासारखे आणखी येतील, आणि त्यांच्या बायका मला त्याच बाकावर तेच विचारतील.

लेख मागे घेणं तुझ्या हातात आहे. मी अडवू शकत नाही. फक्त त्याआधी एकदा टेबलाखाली बसून पाहा, म्हणजे घरात, जमिनीवर. तिथून काय दिसतं ते लिही. नाहीच काही दिसलं तर मागे घे.

— ताई


६ एप्रिल

गुंड्या,

तुझा सुधारलेला लेख काल दुपारच्या टपालाने आला. मुद्दा चारचा भाग मी उभ्यानेच वाचला. तू लिहिलं आहेस:

'चाचणीतील मुलीच्या पायाच्या हाडाचा संसर्ग या संयुगाने पूर्ण बरा झाला. तिच्या डाव्या कानाचा बहिरेपणा संयुगाचा दुष्परिणाम म्हणून नोंदला गेला, तो दुष्परिणाम नव्हता. मुलीच्या वडिलांनी, म्हणजेच संयुगाच्या संशोधकाने, तिला लाकडी रॅकने मारल्यामुळे तो आला. ही घटना प्रस्तुत लेखकाने टेबलाखालून पाहिली आहे.'

मी रडले. एवढ्या वर्षांत या कानासाठी रडले नव्हते. मदतनीस पोरगी आली, या वेळी जवळ आली, पाठीवर हात ठेवून उभी राहिली. संपादकबाई 'टेबलाखालून' हा शब्द काढायला सांगतील. काढू नकोस, मी भांडेन त्यांच्याशी.

त्यानंतरची ओळ मात्र काढ. 'ताटलीचे झाकण प्रस्तुत लेखकाने उघडले होते.' औषधाच्या लेखात तिचं काम नाही. पाच वर्षांच्या मुलाने झाकण उघडलं हा काही दुष्परिणाम नव्हे. आणि 'शांत' तू काढून टाकलास, ते आता राहू दिलंस तरी मला चालेल.

एवढं लिहून मी सही करणार होते. चहा ठेवला होता. तेवढ्यात दार वाजलं.

तुझी बायको दारात उभी होती. चप्पल एका पायात. ओढणी कानाला दाबून धरलेली, आणि ओढणीतून रक्त खांद्यावर आलेलं. मी म्हणाले, 'आत ये.' ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग तिने डावा कान माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, 'काय म्हणालात?' ही मान वळवायची तऱ्हा मी जन्मभर करत आले आहे. ती मला दुसऱ्या कुणाची पाहावी लागेल असं वाटलं नव्हतं.

उजवा कान, गुंड्या. तुझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. समोर उभा राहून तू डाव्याने मारलंस. इतकी वर्षं उजव्याने मारत होतास, म्हणून ती फोनवर 'बरं झालं' म्हणाली होती. तिला वाटलं होतं तुझा हात बरा होईपर्यंत तिची सुटका आहे. मला तेव्हाच कळायला हवं होतं. ऐकू येणारा कान फोनला लावूनही मी बहिरीच राहिले.

का मारलंस तेही तिने सांगितलं. लेखाची दुसरी प्रत तुझ्या टेबलावर होती. तिने ती वाचली आणि तुला विचारलं, 'तुम्ही टेबलाखालून पाहिलंत. म्हणजे तुम्हाला माहीत होतं ना, कसं असतं ते?' बास. एवढंच विचारलं तिने. फेरवाचन करावं तर असं. माझ्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा तिचा हा एक मुद्दा भारी होता, आणि त्याचं उत्तर तू हाताने दिलंस.

मी तिला आमच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर तरुण आहे, माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने विचारलं, 'कशाने झालं हे?' खोलीत कुणी बोलेना. तिने माझ्याकडे पाहिलं. अगदी तशीच खोली, तीच खुर्ची, आणि दाराशी मी. मला तोंड उघडायचं होतं, पण मी दातांत जीभ धरली. हे तिचं होतं. ती म्हणाली, 'नवऱ्याने मारलं.' मग पुन्हा, जरा मोठ्याने, कारण तिला तिचाच आवाज नीट ऐकू येत नव्हता, 'नवऱ्याने मारलं. डाव्या हाताने.' डॉक्टरने लिहून घेतलं. पोलिसांतली बाई आली, तिलाही तिने तेच सांगितलं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. पडदा फाटला आहे. कदाचित भरून येईल, कदाचित नाही.

ती आता माझ्या पलंगावर झोपली आहे, डावा कान वर करून. माझ्या दारात येऊ नकोस. आलास तर रॅक घरीही आहे, आणि माझ्या हाताची मला खात्री नाही.

लेखाला माझी हरकत नाही. तसं लिहून, सही करून सकाळीच संपादकबाईंकडे पाठवलं. लेख चांगला आहे. त्यात जे लिहिलंस ते लिहायला किती लागलं असेल ते मला कळतं, आणि त्यासाठी मी तुला जन्मभर मानेन. पण खरं बोलल्याची किंमत तू तिच्या कानातून वसूल केलीस, हे त्याने पुसलं जात नाही.

एक गोष्ट तू लेखात लिहिलीस तशी मीही लिहून टाकते. झाकण तू उघडलंस हे मला तेव्हाच माहीत होतं. जेलीवरचा ठसा इवलासा होता, माझ्या बोटाएवढा नव्हता. बाबांनी विचारलं, तू टेबलाखालून माझ्याकडे पाहिलंस, आणि मी पुढे झाले. तू लहान होतास म्हणून. त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही, आजही नाही.

आज किंवा उद्या तुझं दार वाजेल. ते आत येतील, बसतील, आणि विचारतील, कुणी मारलं?

आता तू लहान नाहीस. या वेळी मी पुढे होणार नाही.

— ताई